सात डिसेंबरचा उतारा

स्प्रेडशीटच्या रिकाम्या चौकटीत 7/12 टाइप करा आणि एंटर दाबा. चौकटीत 7 डिसेंबर उमटतो. ज्या कागदापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या दारासमोरून जाणं सोडतात, ज्याच्यासाठी तलाठ्याच्या कचेरीबाहेर माणसं अख्खी दुपार काढतात, तो कागद या यंत्राच्या लेखी थंडीतला एक दिवस. कॉम्प्युटर अमेरिकी वळणाचा असला तर 12 जुलै. म्हणजे निदान पेरण्या तरी उरकलेल्या असतात.

खरी गंमत पुढे. आपण चिडून त्या चौकटीला बजावतो की बाई, ही तारीख नव्हे, ही साधी अक्षरं समज. म्हणजे तिचं स्वरूप ‘टेक्स्ट’ करतो. त्यावर 7/12 परत येईल अशी आपली भाबडी समजूत असते. येतं ते 45633. निदान 2024 साली टाइप केलं असेल तर एवढंच येतं, पुढच्या वर्षी त्यात 365 ची भर. एक्सेल तारखा अशा साठवतं: 1 जानेवारी 1900 हा दिवस पहिला, आणि तिथून पुढे मोजणी. गाव नमुना सात गेला, बारा गेला, शेत गेलं आणि हातात राहिला दिवसांचा हिशेब.

इकडे रायपुरात सातबारा नाही, इथे बी-1 आणि पी-2. जमिनीच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलचं नाव ‘भुइयां’. ते ऐकून वऱ्हाडातून आलेल्या पाहुण्याला एकदम घरी आल्यासारखं वाटतं, पण तारखांच्या संकटातून तोही सुटत नाही. खसऱ्याचे, म्हणजे नंबर दिलेल्या जमिनीचे, तुकडे पडले की त्यांना बटांक लागतात. बारा नंबरच्या खसऱ्याचा तिसरा हिस्सा म्हणजे 12/3, आणि शीटमध्ये तो 12 मार्च. 212/3 मात्र सुखरूप राहतो, कारण 212 तारीख असलेला महिना अजून कुणी काढलेला नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी मोठ्या नंबराची जमीन घेतली त्यांची दूरदृष्टी अशी पिढ्यांनंतर कळते.

हे असं का होतं, ते समजून घ्यायला डेटाबेस आणि शीट यांचे स्वभाव पाहावे लागतात. डेटाबेस घुमा. रकाना उघडतानाच तो विचारून घेतो: इथे अक्षरं येणार, आकडे येणार की तारखा? एकदा ठरलं की तुम्ही द्याल ते मुकाट घेतो आणि मागाल तेव्हा तसंच परत करतो. शीट म्हणजे लग्नघरातला उत्साही मेहुणा. तुम्ही तोंड उघडायच्या आत तुम्हाला काय हवं ते त्याला कळलेलं असतं, आणि तुम्ही ‘अहो, पण’ म्हणेपर्यंत ते तो करूनही आलेला असतो. दोघांच्या मध्ये निरोप्याचं काम करते ती सीएसव्ही नावाची फाइल, नुसत्या स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींची. तिला रकान्याचा प्रकार माहीत नाही, ठळक अक्षर माहीत नाही, रंग माहीत नाही, रुंदी माहीत नाही. डेटाबेसला ठाऊक असतं की हा रकाना फोनचा आहे. शीटला सांगितलं तर तेही ऐकतं. पण निरोप्याच्या हाती नुसते शब्द पाठवलेले, सूर इकडेच राहिला. मग शीट अंदाज बांधतं.

आमच्या एका छोट्या मंडळाची सभासदांची यादी जुन्या सॉफ्टवेअरमधून शीटमध्ये आणायची ठरली, त्यात हे सगळं जवळून पाहायला मिळालं. काम करणारा पोरगा हुशार होता. त्याने फाइल काढली, तिच्यावर दोनदा क्लिक केलं, यादी पडद्यावर धबाधब ओतली आणि म्हणाला, “जम्मो आ गे, भैया.” जम्मो म्हणजे सगळं. तसं सगळं आलंही होतं.

आधी दिसला तो रायपूरचा एसटीडी कोड. 0771 मधलं शून्य गायब. संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नाही हे शाळेत शिकवतात आणि शीट त्या शाळेत पहिलं आलेलं असतं. ज्या सभासदांनी फॉर्म भरताना कोड आणि नंबर यांच्यामध्ये आडवी रेघ मारली होती त्यांचं शून्य वाचलं. ज्यांनी सलग लिहिलं त्यांचं गेलं. बँकेच्या खात्यांचं त्याहून वाईट. शीट पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक राहतं. सोळा आकडी खातं दिलं तर शेवटच्या आकड्याच्या जागी ते निर्विकारपणे शून्य ठेवतं. म्हणजे डावीकडचं खरं शून्य खायचं आणि उजवीकडे खोटं बसवायचं. आमच्या खजिनदार काकांनी उभा जन्म ऑडिटमध्ये घालवलेला. ते पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ आदर उमटला.

यादीतल्या मराठीचं काय झालं ते सांगायला हवं. नव्या नोंदी युनिकोडमधल्या होत्या. युनिकोडच्या रूढ पद्धतीत आपलं एकेक अक्षर तीन बाइट घेतं, आणि फाइल कुठल्या पद्धतीची हे न सांगता उघडली की शीट त्या तिघांना वेगवेगळं करून बसवतं. मराठीतला ‘म’ घ्या. त्याची तीन चिन्हं होतात: डोक्यावर तिरका फराटा घेतलेला इंग्रजी ए, मग चार कोपऱ्यांना पाय फुटलेलं एक गोल चलनचिन्ह आणि शेवटी वर्तुळातला आर, म्हणजे रजिस्टर्ड ट्रेडमार्क. मराठीच्या म वर कुणीतरी परस्पर मालकी सांगितली आहे, आणि आपल्या एकाही अस्मितावाल्याला पत्ता नाही.

जुन्या नोंदींचं दुखणं निराळं होतं, आणि मला ते जास्त विचार करायला लावणारं वाटतं. त्या क्रुतीदेव नावाच्या फाँटमध्ये होत्या. रायपूर, बिलासपूर, जबलपूर या पट्ट्यात हिंदी टायपिंग म्हणजे कितीतरी वर्षं क्रुतीदेवच. रेमिंग्टन टाइपरायटरवर बसलेली बोटं त्यावर आपोआप चालत. पण क्रुतीदेवमध्ये देवनागरी मुळात साठवलेलीच नसते. आत असतात इंग्रजी अक्षरं, आणि फाँट फक्त त्यांना देवनागरीचे मुखवटे घालतो. ‘रायपुर’ हा शब्द आतून आहे जे, के, अर्धविराम, आय, क्यू, जे. फाँट लावलेला असेपर्यंत शहर दिसतं, काढला की बाराखडी शिकणाऱ्या बाळाने कीबोर्डवर हात आपटल्यासारखं काहीतरी दिसतं. डेटाबेसच्या रकान्यात फाँट साठत नाही. त्यामुळे आमच्या जुन्या सभासदांची नावं, त्यांचे पत्ते, तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनी, सगळं त्या जे-के-अर्धविरामात उतरलं. फॉर्मॅटिंग म्हणजे वरची रंगरंगोटी, मजकूर तेवढा महत्त्वाचा, असं म्हणणाऱ्या माणसाला ही यादी दाखवायला हवी. इथे रंगरंगोटी काढली की आत मजकूरच नाही.

क्रुतीदेवचं युनिकोड करणारी साधनं मिळतात, त्यामुळे नावं परत आली. तेव्हा लक्षात आलं की जुन्या टायपिस्टने सगळ्या काळ्यांना काले करून ठेवलंय. त्याचा दोष नाही. हिंदी बोटांना ळ ची सवय नसते. तसं पाहिलं तर कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी हिंदीने आपल्या टिळकांचे तिलक केले होते, आणि ज्या माधवराव सप्र्यांनी ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं ते घरचे मराठी. हिंदी मुलुखात माणूस गेला की ळ सीमेवर जमा करावा लागतो. सप्र्यांचे शेवटचे दिवस याच रायपुरात गेले, 1926 पर्यंत. त्यांच्या नावाची शाळा गावात आहे, आणि सप्रे या आडनावात ळ नसल्यामुळे ती फाटकावर बिनचूक लिहिलेली आहे.

राज्याच्या रकान्यातही निरनिराळ्या काळांची गर्दी होती. सगळ्यात जुन्या पत्त्यांपुढे मध्य प्रांत व वऱ्हाड. 1950 नंतरच्यांपुढे म. प्र., आणि तेव्हा या म. प्र.ची राजधानी नागपूर. 1956 मध्ये विदर्भ त्यातून निघाला, राजधानी भोपाळला गेली, पत्त्यातलं म. प्र. तसंच राहिलं. 1 नोव्हेंबर 2000 पासून छत्तीसगड. बूढापाऱ्यातल्या एका घराने या सगळ्यात दाराचा रंगसुद्धा बदललेला नाही.

‘रायपुरात केव्हापासून’ असाही एक रकाना होता. डेटाबेसवाल्याने शहाणपणाने तो अक्षरांचा ठेवलेला, कारण उत्तरं तारखेत मावणारी नव्हती. ‘रेल्वेत बदली झाल्यापासून’ हे सरळ उत्तर. पण किमान डझनभर कुटुंबांनी ‘भोसल्यांबरोबर’ असं लिहिलं होतं. बिंबाजी भोसले रतनपूरच्या गादीवर 1758 पासून 1787 पर्यंत होते आणि त्यांच्याबरोबर माणसं आली हे खरं. मात्र आजच्या दाव्यांवरून पाहिलं तर त्यांच्या फौजेत शिपाई एकही नसावा, सगळे कारकून आणि उपाध्येच असावेत. या नोंदींना शीटने हात लावला नाही. 1900 च्या आधीचं जग त्याला तारीख म्हणून कळतच नाही. बिंबाजींच्या मृत्यूचा दिवस टाका, तो मुकाट्याने अक्षरं म्हणून पडून राहतो. म्हणजे आपला इतिहास शाबूत ठेवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तो पुरेसा जुना असावा.

आणि हा योगायोग मला फार आवडतो: एक्सेलचं जग सुरू होतं त्याच जानेवारी 1900 मध्ये सप्र्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केलं. दोघांचा शुभारंभ एका महिन्यातला. दुसऱ्या महिन्यापासून मात्र वाटा फुटतात. एक्सेलच्या दप्तरी 29 फेब्रुवारी 1900 हा दिवस आहे. प्रत्यक्षात तो उगवलाच नव्हता, 1900 हे लीप वर्ष नव्हे. आधीच्या लोटस 1-2-3 या सॉफ्टवेअरने तो धरला होता, आणि त्याच्या फायली इकडे जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने चूकही जशीच्या तशी घेतली. इतक्या निष्ठेने आमचं 0771 घेतलं असतं तर!

शीटच्या या अंदाज बांधायच्या उत्साहाचा मोठमोठ्यांना फटका बसला आहे. काही जनुकांना शास्त्रज्ञांनी सेप्ट 2, मार्च 1 अशी नावं दिली होती. शीटमध्ये ती 2 सप्टेंबर आणि 1 मार्च झाली. 2016 साली तपासणी झाली तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशात असले घोटाळे निघाले. शेवटी 2020 मध्ये नावं देणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावं बदलली. माणसाच्या पेशीत लाखो वर्षं बसलेल्या गोष्टीने शीटपुढे माघार घेतली. त्यानंतर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपोआप बदल बंद करायची सोय दिली. जनुकांना थोडा धीर धरायला हवा होता.

आम्हाला एवढं थांबायची गरज पडली नाही, कारण उपाय तसा साधा आहे. फाइलवर दोनदा क्लिक करायचं नाही. आधी कोरं शीट उघडायचं, ‘डेटा’च्या पानावरून फाइल आत बोलवायची, भाषा विचारील तिथे 65001, म्हणजे युनिकोड, निवडायचं आणि प्रत्येक रकान्याला टेक्स्ट म्हणून बजावायचं. पोराने हे केलं. शून्य आलं, सोळावा आकडा आला, म वरचा ट्रेडमार्क उतरला. काकांनी चष्मा पुसून यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, “सगळं आलं. लाल कुठाय?”

लाल म्हणजे त्यांच्या वहीतलं लाल. डेटाबेसच्या आधीही एक वही होती, आणि डेटाबेस आल्यावरही काकांनी ती बंद केली नव्हती. तिच्यात काही नावांखाली लाल रेघ, काहींवर निळी फुली, एखाददुसऱ्या नावाभोवती पेन्सिलीचं कुंपण. डेटाबेसमध्ये यातलं काही गेलं नव्हतं, कारण त्याने विचारलं नव्हतं. काका हटले नाहीत. शीटमध्ये रंग देता येतो हे कळल्यावर वही मांडीवर घेऊन त्यांनी एकेका ओळीला स्वतः लाल दिला. देखणं काम झालं.

मग नवीन एक सभासद झाला. आडनाव अ पासून. पोराने तो डेटाबेसमध्ये घातला, शीट रिफ्रेश केलं, आणि यादी एका ओळीने खाली सरकली. रंग सरकले नाहीत. शीटमध्ये रंग माणसाला लागत नाही, जागेला लागतो. चौदाव्या ओळीवरचा थकबाकीदार पंधराव्या ओळीत जाऊन स्वच्छ झाला आणि तेराव्या ओळीवरचे निवृत्त मुख्याध्यापक चौदाव्यात येऊन लाल झाले. काकांनी त्याच संध्याकाळी त्यांना वर्गणीसाठी फोन लावला. फोनवरचा आवाज आम्हाला लांबूनही ऐकू येत होता. “मी आजीव सभासद आहे! आजीव म्हणजे काय ते समजावू का?”

यावर इलाज एकच: रंगाला जागेवरून उठवून रकान्यात बसवायचं. ‘थकबाकी’ असा रकाना, त्यात हो किंवा नाही, आणि शीटला नियम घालून द्यायचा की हो असेल ती ओळ लाल कर. मग माणूस कुठेही सरको, त्याचा लाल त्याच्याबरोबर जातो. पोराने रकाना तयार केला आणि काकांना विचारलं की सगळे लाल थकबाकीचेच ना?

काका गप्प. मग म्हणाले, “सगळे नाहीत.”

त्या संध्याकाळी जे बाहेर आलं ते कुठल्याही इम्पोर्टमध्ये यायचं नाही. लाल रेघ म्हणजे बहुधा थकबाकी. पण दोन लाल रेघा म्हणजे वर्गणी वेळेवर येते, मात्र यांच्याकडे दुपारी एक ते चार जायचं नाही. निळी फुली म्हणजे मुलाकडे पुण्याला गेले. निळी फुली खोडलेली म्हणजे पुण्यात करमलं नाही म्हणून परत आले. पेन्सिलीचं कुंपण दोन घरांना होतं, आणि त्या दोन घरांना गणपतीच्या जेवणात एका पंगतीत बसवायचं नाही. का, ते काकांनी सांगितलं नाही. एका नावापुढे नुसता एक छोटा ठिपका होता. त्यावर काका म्हणाले, “वहिनी एकट्याच असतात. त्यांच्याकडे पावती देऊन लगेच निघायचं नाही, चहा घ्यायचा.”

पोराने कीबोर्डवरची बोटं उचलली. “इसका कॉलम क्या नाम से बनाऊँ, भैया?”

शेवटी ‘शेरा’ म्हणून एकच लांबरुंद रकाना केला आणि काका सांगतील तसं त्यात लिहीत गेलो. तो इतका रुंद झाला की पान आडवं छापावं लागतं. पंगतीची भानगड काकांनी त्यातही लिहू दिली नाही. यादी पाच जणांकडे जाणार होती आणि त्यातला एक जण त्या कुंपणातला होता. ते तेवढं वहीतच राहिलं, पेन्सिलीत.

एवढं झाल्यावर काकांना वर्गणीची बेरीज हवी होती. पोराने खाली बेरीज लावली. उत्तर आलं शून्य. आम्ही प्रत्येक रकान्याला टेक्स्ट म्हणून बजावलं होतं ना, वर्गणीच्या रकान्यानेही ते मनावर घेतलं. त्याच्या दृष्टीने 500 ही आता तीन अक्षरं होती, आणि अक्षरांची बेरीज कशी करणार? जिथे त्याने डोकं चालवायला हवं होतं नेमकी तिथेच ते आज्ञाधारक निघालं. मात्र आपली नाराजी त्याने नोंदवली होती. वर्गणीच्या प्रत्येक चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात एक इवलासा हिरवा त्रिकोण. त्याचा अर्थ इतकाच की आकडा आहे, पण अक्षर म्हणून ठेवलाय, बघा बुवा.

काकांना बेरजेचं काही वाटलं नाही. ते त्या हिरव्यावर खूश होते. “वा! भरली त्यांना हिरवं. हे चांगलं केलं हो.” मग बोट एका ओळीवर थांबलं. “पण याने कधी भरली?”

“काका, ते भरल्याचं नाही. आकडा अक्षर म्हणून साठवलाय, त्याची ती खूण आहे.”

“म्हणजे भरली की नाही?”

पोराने रकाना निवडला, आकड्यांत बदलला. बेरीज आली, बरोबर आली, वहीशी ताळा जमला. हिरवे त्रिकोण एका फटक्यात नाहीसे झाले. काकांनी चष्मा वर केला आणि आमच्याकडे पाहिलं.

“आता कुणीच भरली नाही का रे?”